ब्रशमावशी हलत नाही

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तपासणीच्या काचेच्या नळ्या धुणाऱ्या बाईला सगळे ब्रशमावशी म्हणायचे. बावीस वर्षं एकाच मोरीवर. आधी साबण, मग तीन पाणी, मग वाफेची भट्टी. प्रत्येक नळी उजेडात धरायची, डोळा बारीक करायचा आणि डाग दिसला की नळीलाच शिवी हासडायची. सून म्हणायची, "आमच्या आई घरचे पेलेसुद्धा असेच तपासतात, पाहुण्यांसमोर!"

अशा बाईला डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "तुमच्या नळ्या घाण असतात."

झालं होतं असं, की वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला लघवीची नळी लावली होती. लघवीत बुरशी निघाली. औषध चालू केलं, तरी पुन्हा तीच. तीनदा तपासलं, तीनदा निघाली. औषध कमी पडतंय असं कोण म्हणणार? खापर मोरीवर.

"उद्यापासून येऊ नका."

मावशीनं हात पुसले. "माझी एक धुतलेली नळी घ्या. त्यात बुरशीचं खाणं भरा, लघवी घालू नका. ठेवा पेटीत उबेला. गढूळली तर मीच चालती होते."

दोन दिवस ती रोजच्यासारखी येऊन नळ्या घासत राहिली. तिची नळी नितळच राहिली. शेजारी म्हाताऱ्याच्या लघवीची ठेवली होती, ती गढूळ.

"मग बुरशी येते कुठून?" डॉक्टर वैतागले.

"तरंगते ती पाण्याबरोबर जाते, साहेब. भिंतीला धरते ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हाताऱ्याच्या अंगातली नळी बघितली का कुणी?"

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"शिका की. फी नाही घेत."

म्हाताऱ्याची नळी बदलली. जुनी कापून तंत्रज्ञ ताईनं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डॉक्टरांना बघायला बाजूला सरकली. लघवीत सुटे गोल दाणे दिसायचे. इथे तेच लांबून धागे झाले होते, एकमेकांत गुंतून, अंगावर चिकट साय ओढून बसले होते. त्या सायीखाली औषधाची मात्रा चालत नव्हती. तिथूनच नवे दाणे सुटत होते.

मावशीनंही डोळा लावला. "रूप पालटून ठाण मांडलंय मेलीनं."

डॉक्टर खाकरले. "ठीक आहे मावशी. या उद्यापासून कामावर."

"उद्यापासून? मी गेले कधी होते?" ती हाताची घडी घालून उभी राहिली. "घाण कुठं होती ते आता सांगा सगळ्यांना. हाक मारा, मी थांबते."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, दाराकडं बघितलं. मावशी हलली नाही. शेवटी त्यांनी सगळ्यांना हाक मारली.