दिवाळीत टाकी उपाशी राहू नये म्हणून

"गूळ कुठं गेला? मी विचारून राहिली, अनारशाचा गूळ कुठं गेला?"

बायको स्वयंपाकघरातून अशी ओरडली की गुढियारीच्या मालधक्क्यावर हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली असतील. लक्ष्मीपूजनाची सकाळ होती. मी कारखान्यात एक फेरी मारून नुकताच परतलो होतो आणि दारात बूट काढत होतो. अमरावतीहून आलेले सासरे सोफ्यावर पेपर वाचत होते. म्हणजे पेपरामागून ऐकत होते.

"खाल्ला," मी म्हणालो.

"एवढी ढेप? कोणी?"

"माझ्या माणसांनी."

माझी माणसं कोण, ते सांगायला हवं. उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात मी सांडपाण्याची टाकी सांभाळतो. माझ्या हाताखाली जेवढे कामगार आहेत तेवढे अख्ख्या रेल्वेत नाहीत. फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. जिवाणू. कारखान्याच्या एका शिफ्टचं पीठ, साखर, तूप धुतलेलं पाणी टाकीत येतं, हे लोक त्यातली घाण खातात आणि नितळ पाणी नाल्यात जातं. पगार नाही, युनियन नाही, रजेचा अर्ज नाही. मागण्या दोनच: पोटाला अन्न आणि श्वासाला हवा. हवा ब्लोअरचं मशीन टाकीच्या तळातून सोडत असतं.

पण दिवाळीत कारखाना बंद. घाण पाणी नाही, म्हणजे यांना जेवण नाही. मागच्या वर्षी मालक सेठजींनी वीज वाचवायची म्हणून ब्लोअरही बंद करायला लावला. झालं, सगळे खलास! कारखाना सुरू झाल्यावर नाल्याला असा वास सुटला की भनपुरीचे ट्रकवाले रस्ता बदलून जाऊ लागले आणि एका म्हशीनं, मी स्वतः पाहिलं, शेपटीनं नाक झाकलं. पाऱ्यातली, म्हणजे आसपासच्या वस्तीतली, माणसं फाटकावर आली. सेठजींनी त्यांच्या शिव्या ऐकल्या आणि एकही न गाळता माझ्यापर्यंत पोचवल्या. वर म्हणाले, "अगली बार बदबू आई, तो तुम भी बाहर."

म्हणून यंदा मी ठरवलं होतं, आभाळ कोसळलं तरी टाकी मरू द्यायची नाही. ब्लोअर चालू ठेवायला सेठजींना राजी केलं. सुट्टीत टाकीला गूळ कालवून घालायचा, म्हणून एक पोतंही मागवलं. पण पोतं स्टोअरमध्ये, किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात आणि स्टोअरकीपर बिलासपूरच्या पुढं सासुरवाडीला. पहाटे कोणतं दुकान उघडं असणार? घरात ढेप होती. मी उचलली.

"जावईबापू," सासरे पेपर खाली करून म्हणाले, "जंतू मारायचे असतात. जेवू घालायचे नसतात."

"बाबा, मागच्या महिन्यात डॉक्टरनं तुम्हाले जंतू मारायच्या गोळ्या दिल्या, अन् पोटातले चांगले जंतू मरू नये म्हणून ताक प्यायला सांगितलं. ताकात कोण असतं? माझ्याच माणसांचे चुलतभाऊ."

पेपर पुन्हा वर गेला. बायकोनं मात्र पदर खोचला. "चला. माझा गूळ कोण खाऊन राहिलं, मले पाहू द्या."

नव्या साडीत ती स्कूटरवर बसली. टाकीजवळ पोचताच तिनं नाकाला पदर लावला, मग हळूच काढला. तपकिरी पाणी खदखदत होतं.

"अहो, हा तर नांगरलेल्या वावरासारखा वास आहे."

"तेच तर! वावरात पाल्याची, शेणाची, मेलेल्या बैलाची माती करणारे हेच लोक. टाकी जिवंत आहे तोवर असाच वास येते."

मी आणखी बराच बोलणार होतो, पण तेवढ्यात वीज गेली. ब्लोअर घुरघुरत थांबला, बुडबुडे विरले. जनरेटर होता, पण त्याचं डिझेलही त्याच कुलपाआड. चौकीदारानं वीज ऑफिसला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, लाइन कहीं गिर गई है.

मी बादली घेतली. टाकीतलं पाणी उपसायचं, डोक्याच्या वर न्यायचं आणि धबकन पुन्हा टाकीत सोडायचं. पडताना जेवढी हवा आत जाईल तेवढी खरी. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं चौकीदार. माझे खांदे भरून आले. मी कठड्याला टेकलो.

"काहून थांबले?" बायकोनं माझ्या हातातली बादली ओढली. "सणाचा गूळ घातला मी यायच्या पोटात. आता मरू देत नाही. सरका!"

आणि ती उपसू लागली. नव्या साडीवर तपकिरी नक्षी उमटत गेली, पण बाई थांबली नाही. तिचं पाहून मी दुसरी बादली शोधली. वीज किती वेळानं आली यावर आमच्यात आजही एकमत नाही. ती म्हणते, तासभर. मी म्हणतो, तिनं घड्याळ नीट पाहिलंच नाही.

सुट्टी संपली, कारखाना सुरू झाला, घाण पाणी टाकीत आलं. सेठजी स्वतः नाल्याच्या तोंडाशी उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं: वादळ कसं आलं, विजेचे खांब कसे उन्मळले, आम्ही अख्खी खारून नदी बादल्यांनी कशी उपसली, अब्जावधी जीव कसे वाचले. ते वाकले, वास घेतला, पुन्हा घेतला. नितळ पाणी खळखळत चाललं होतं.

"ठीक है," ते म्हणाले. "फिर कल से दो शिफ्ट चलाते हैं."