दोन डाळमिली आणि मामूल

परवा लायसन्सच्या रिन्यूअलसाठी आम्ही दोघं नवराबायको आदिलाबादच्या एका सरकारी ऑफिसात गेलो आणि हसत घरी आलो... असं कधी होतं का?

आमची छोटी डाळमिल आहे. तुरीचा सीझन तोंडावर, लायसन्स संपायला आलेलं. मिल बंद पडली तर कामाच्या बायाही घरी बसणार. म्हणून यांनी दरवर्षीसारखा 'मामूल' मिठाईच्या डब्यात, पेढ्यांखाली ठेवला होता. लाचेला आमच्याकडे मामूल म्हणतात... कसं घरगुती वाटतं!

मला ते कधीच पटलं नाही. पण यांचं उत्तर ठरलेलं, "मावल्याच्या मिलवाले गजाननभाऊ देतात. आपण नाही देल्लं तर त्याइचं काम आधी होईन, अन् आपण बसू हात चोळत."

ऑफिसच्या बाकावर नेमके गजाननभाऊच! धंद्यातले आमचे स्पर्धक, म्हणून बोलणं नमस्कारापुरतंच. त्यांच्याही मांडीवर मिठाईचा डबा. दोघांनी एकमेकांचे डबे पाहिले आणि छताकडे बघत बसले...

मलाच राहवलं नाही. "भाऊ, तुमी काऊन देता हो?"

भाऊ दचकले. "वहिनी, तुमी देता म्हणून! तो जुना क्लार्क सांगे ना, तुमच्याकडून पोचलं म्हणून."

"आमाले तर तो तुमचं नाव सांगे!" हे म्हणाले.

भाऊ असे खदाखदा हसले की शिपाई बघायला आला.

त्या क्लार्कची बदली झाली होती. आत नव्या मॅडम होत्या, त्यांचा अंदाज कुणालाच नव्हता. दोघंही पुन्हा कुजबुजायला लागले, "तुमी खरंच नाही देणार ना?" "पहिले तुमी सांगा!" शेवटी मी दोन्ही डबे माझ्या पिशवीत टाकले आणि दोघांना एकदमच आत पाठवलं. बाहेर मी पिशवी घट्ट धरून दाराकडे बघत बसले...

दोघं बाहेर आले ते गोंधळलेले. मॅडमनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "आग बुझाने का सिलिंडर रिफिल कराके बिल लाओ, बस." दोघांचंही तेवढंच राहिलं होतं! दुसऱ्या दिवशी बिलं दिली आणि आज दोन्ही लायसन्स हातात आली.

धंदेवाले लाच का देतात, यावर मोठी माणसं खूप बोलतात. आमच्यात तरी हाव नव्हती... शेजारचा पुढे जाईल, एवढीच धास्ती होती. आणि ती एकट्याने सुटत नव्हती.

गजाननभाऊ, तुम्ही चिडला असता तरी चाललं असतं... पण तुम्ही हसलात. मनापासून आभार!