बटाट्याच्या ढिगावरचा लेखक

अकरावीत असताना जुन्नरच्या वाचनालयातली एक प्रेमकादंबरी मी आणि माझी मैत्रीण इतक्यांदा घरी नेत होतो, की ग्रंथपालकाकांनी ती कपाटात परत ठेवणंच सोडून दिलं. मैत्रीण बाजारपेठेतल्या जैन कापडवाल्यांची. दुकानात गिऱ्हाईक नसलं की आम्ही मागच्या गाद्यांवर पडून शेवटचं प्रकरण वाचायचो आणि मनसोक्त रडायचो. गोष्ट एवढीच, की एक बाई एस.टी. स्टँडवर एका माणसाची वाट बघत बसते आणि तो येतच नाही. पण लिहिलं होतं असं, की हे नुसतं सुचलेलं नाही, कुणावर तरी गुदरलंय, याची आम्हाला खात्रीच होती.

पुस्तकावर लेखकाचा फोटो नव्हता. तो आम्हीच मनात काढला. उंच, फिकट, खांद्यावर शाल. मी त्याला दाढी दिली, मैत्रिणीनं क्षय दिला.

एक दिवस काका सहज बोलून गेले, की तो माणूस घोडेगावच्या पुढच्या एका वाडीत राहतो. मग काय! लेखकाला भेटणं म्हणजे अभ्यासाचंच काहीतरी असणार, असं मैत्रिणीच्या आईला वाटलं आणि परवानगी मिळाली. रविवारी एस.टी.त बसलो तेव्हापासूनच आम्हाला हसू फुटत होतं. त्याच्यासमोर रडू आलं तर आधी कुणी रडायचं, यावरून भांडणही झालं.

वाडीत अंगणात बटाट्याचा मोठा ढीग होता. बनियन घातलेला एक गुबगुबीत माणूस त्यावर बसून बारके आणि मोठे बटाटे वेगळे करत होता. आम्ही त्यालाच लेखकाचं घर विचारलं.

"मीच की," तो हात झटकत म्हणाला. "या, बसा पावणं."

आमची क्षयाची आशा तिथंच मावळली. शाळेसाठी काही लिहून न्यायचंय का, असं त्यांनी विचारलं. आम्ही माना हलवल्या आणि ओढण्या तोंडात कोंबून बसलो. त्यांची बायको चहा घेऊन आली, तेव्हा मैत्रिणीनं एकदम विचारून टाकलं, "ती स्टँडवरची बाई खरी होती का?"

काकू कपबशा ठेवून तिथंच खाली बसल्या. "सांगा आता. मीबी लगीन झाल्यापास्नं हेच इचारतीय. मला कदी सांगत न्हाईत."

लेखकांचे कान लाल झाले. हातातला बटाटा त्यांनी बराच वेळ फिरवला. "बाई नव्हतीच कुणी. त्यो मीच व्हतो. लग्नाआधी हिच्या गावच्या स्टँडवर दिवसभर बसलो व्हतो. ही येते म्हणाली व्हती. आली न्हाई."

काकूंनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "आवं, त्या दिशी म्हैस व्याली व्हती."

आधी त्या हसल्या, मग ते, मग आम्ही. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. ज्या ताटातुटीपायी आम्ही इतक्या उशा भिजवल्या, तिच्यामागे एक म्हैस होती! तेव्हा कुठं मला कळलं, की आम्ही इतक्या लांब का आलो होतो. आपल्याला एवढं रडवणाऱ्या माणसाचं पुढं बरं झालं का, हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. झालं होतं की चांगलं. पोट सुटण्याइतकं.

निघताना त्यांनी मैत्रिणीच्या हातात बटाट्यांची भरलेली पिशवी दिली. तिच्या जैन घरात बटाटा उंबऱ्याच्या आत येत नव्हता. पण लेखकाला नाही कसं म्हणणार? एस.टी.त ती पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही इतक्या हसलो, की कंडक्टरनं तिकीट देताना काय झालंय म्हणून विचारलं. सांगता येईना.

पिशवी अर्थातच माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी आईनं भाजी केली. मैत्रीण मुद्दाम जेवायला आली, स्वतःच्या ताटात भेंडी वाढून घेतली आणि माझ्या प्रत्येक घासाला विचारत राहिली, "कशी लागतेय? नीट सांग ना, कशी लागतेय?"