पाच बोटांचा धडा

गडमुडशिंगीच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा सगळे मला तापट म्हणत, आणि ते खरंच होतं. शाळा देवळाच्या ओसरीवर भरायची. प्रार्थना झाली की मुलांना रांगेत उभं करून मी नखं बघायचो, कान बघायचो, दात राखुंडीनं घासलेत की नुसतं बोट फिरवलंय ते बघायचो. नखात माती दिसली की हातावर पट्टी. आया पाणवठ्यावर म्हणायच्या, "मास्तरास्नी शेणात हात घालाय लागत न्हाय, म्हणून सुचतंय हे." माझ्या कानावर यायचं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नखं बघायचो.

प्लेग आला तेव्हा कोल्हापुरातून दरबाराचा छापील कागद आला, मुलांना समजावून सांगा म्हणून. त्यातली भाषा अशी की मलाच दोनदा वाचावी लागली. मग मी त्याचा पाच बोटांचा धडा केला. घरात उंदीर पडला तर काय करायचं? अंगठा मिटायचा, उंदराला हात लावायचा नाही. दुसरं बोट, चिमट्यानं उचलायचा. तिसरं, घासलेट ओतून जाळायचा. चौथं, मास्तरांना सांगायचं. करंगळी, घर सोडून माळावर जायचं. रोज सकाळी सगळी ओसरी हात वर करून एका सुरात म्हणायची. कुणी खरंच उंदीर पडल्याचं सांगत आला तर मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "शाबास. बस खाली." माझ्या तोंडून शाबास निघायचं ते एवढ्याच कारणाला.

माझी मुलगी त्याच ओसरीवर बसायची. नऊ वर्षांची होती. गावात मुलींची शाळा नव्हती, म्हणून मी तिला मुलांतच बसवली होती. एकदा वर्गात तिच्या तोंडून "आबा" निघून गेलं आणि पोरं हसली. मी तिला दोन छड्या दिल्या आणि सांगितलं, इथं मी तुझा आबा नव्हे, मास्तर. त्यानंतर ती कधी चुकली नाही. देवळाची पायरी चढली की मास्तर, उतरली की आबा. मला त्याचा अभिमान होता, उगाच कशाला खोटं बोलू.

आमच्या शेजारी पिंजारी राहायचा. गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा, थंडी हा त्याचा कामाचा हंगाम. त्याचा मुलगा एका सकाळी उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या घरात उंदीर पडलाय. मी शाबास म्हणालो आणि चावडीवर जाऊन वर्दी दिली. दुपारपर्यंत त्यांचं बिऱ्हाड माळावर गेलं आणि आत ऊन पडावं म्हणून घराची कौलं उतरली. संध्याकाळी पिंजारी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, पोराच्या बोलण्यावरनं माझ्या घराची कौलं उतरली की वो."

"जीव राहिला तर कौलं परत चढतील," मी म्हणालो. "उघड्यावर माणूस मरत नाही, घरात मरतंय."

मी दार लावून घेतलं.

त्यानंतर चार दिवसांनी आमच्या जात्यामागं उंदीर पडला. मुलीनंच आधी बघितला. तिनं हात लावला नाही. मला हाक मारली आणि चिमटा आणून दिला. मी उंदीर परसात नेला, घासलेट ओतलं, जाळला. ती शेजारी उभी राहून बोटं मिटत होती. तीन मिटली आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

आत माझी बायको बाळंतीण होती. आठवा दिवस. मुलगा झाला होता. त्याच्या आधीचे दोन राहिले नव्हते, एक तिसऱ्या महिन्यात गेला आणि एक पाचव्या दिवशी. पौषातली थंडी, माळावरचा वारा आणि आठ दिवसांचं पोर. बायको म्हणाली, "याला उघड्यावर नेलंसा तर मी जगत न्हाय." मी मनात हिशोब केला, बारशाला चार दिवस राहिलेत. उंदीर पिंजाऱ्याच्या रिकाम्या घरातून आला असणार. तो जाळला, राख पुरली, म्हणजे संपलं. उंदराच्या पिसवांनी प्लेग पसरतो हे त्या कागदात नव्हतं, ते पुढं कळलं. पण पिसवा राहू देत, कागदात जे होतं तेही मी केलं नाही.

मुलीला मी म्हणालो, "कुणाला सांगू नको."

"मास्तरास्नीबी न्हाय?"

मला वाटलं ती थट्टा करतीय. तिचा चेहरा बघितला तर तसं काही नव्हतं. ती मला खरंच विचारत होती.

"मास्तरांनाबी नाही," मी म्हणालो. "बारसं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर धडा झाला. चौथ्या बोटाला सगळी पोरं ओरडली आणि तिचं तोंड मिटलेलं राहिलं. दुसरं कुणी असतं तर मी पट्टी उचलली असती. मी पाढे म्हणायला सांगितले. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' ही म्हण मी त्याच आठवड्यात पोरांना पाटीवर दिली होती. लिहून देताना मला काही वाटलं नव्हतं.

बारशाच्या दिवशी सकाळी तिनं नवं परकर-पोलकं घालायला हात वर केला आणि म्हणाली, काखेत दुखतंय. मी हात लावून बघितला. सुपारीएवढी गाठ होती, अंग तापलेलं होतं. मी तिला पांघरूण घातलं आणि चावडीवर गेलो. पाटलांना म्हणालो, माझ्या घरात उंदीर पडलाय. त्यांनी विचारलं, कधी? मी सांगितलं, चार दिवस झाले. चावडीवर पाच-सहा माणसं बसली होती. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माळावर आजारी माणसाची झोपडी सगळ्यांपासून लांब असायची. ती पिंजाऱ्यानं उभी करून दिली. माझं ते वाक्य त्याला परत देता आलं असतं, त्यानं दिलं नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, बाळंतीण माझ्या घरातल्यांजवळ असू द्या. तुम्ही पोरीजवळ बसा." बायको बाळाला घेऊन त्याच्या झोपडीत राहिली. चारी बाजूंनी वारा होता. बाळाला साधं पडसंसुद्धा झालं नाही. ते पोर पुढं मोठं झालं, त्यालाही आता नातवंडं आहेत.

मुलगी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. मी रडलो नाही. पिंजारी कबर खणायला पुढं झाला, मग त्याच्या लक्षात आलं की आमच्यात दहन असतं. तो लाकडं आणायला गेला. पुढच्या उन्हाळ्यात शाळा परत भरली तेव्हा मी धड्यातलं एक वाक्य बदललं. चौथं बोट, चावडीवर सांगायचं. पोरांना जुनंच पाठ होतं, ती बरेच दिवस चुकत होती. मी पट्टी उचलली नाही. लोक म्हणाले, मास्तर निवळले. निवळलो कसला, मला काही वाटेनासंच झालं होतं. नखं मात्र मी नोकरी संपेपर्यंत बघितली.

ती गेली त्या दिवशीची दुपार सांगायची राहिली. ताप डोक्यात चढला होता. मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत होतो. ती एकाएकी कोपरावर उठली आणि माझ्याकडं बघत राहिली. ओसरीवर बघायची तसंच, पाठ ताठ करून. मग हात पुढं धरून तिनं एकेक बोट मिटलं. चौथ्याशी थांबली.

"मास्तर," ती म्हणाली, "आमच्या घरात उंदीर पडलाय."

मी घडी बाजूला ठेवली. ती वाट बघत होती. काय ऐकायची वाट बघतीय ते मला ठाऊक होतं.

"शाबास," मी म्हणालो. "बस खाली."

तिनं डोकं टेकलं. चौथं बोट मिटून घेतलं. मी पांघरूण सारखं करायला वाकलो तशी तिनं माझी बाही धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, मी सांगितलं ते आबास्नी कळू देऊ नका."

"नाही कळू देत," मी म्हणालो.