सुगरणीचं इन्स्पेक्शन

कंट्रोल रूममध्ये पुन्हा तोच अलार्म वाजला, तेव्हा अबू नासिर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"या मुहंदिस, तुझी रजा कधीपासून?"

'या मुहंदिस' म्हणजे अरबीत 'अरे इंजिनियर'. अबू नासिर आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. रजा कधीपासून हे त्यांना पक्कं माहीत होतं; अर्जावर सही त्यांचीच होती.

"परवापासून. केनियाला चाललोय. सफारी."

"आधी हा अलार्म खलास कर. मग सिंह बघ."

मी सौदीतल्या जिझानजवळच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे. प्लांटचे डोळे, कान, नाक सांभाळणं हे माझं काम. नाक म्हणजे गॅस डिटेक्टर. पंपांच्या एका बाजूला खांबावर एक डबा असतो, तो न दिसणाऱ्या प्रकाशाचा झोत सोडतो. समोरच्या खांबावरचा डबा तो झोत पकडतो. मध्ये गॅस आला की झोत मंद होतो आणि गॅसचा अलार्म वाजतो. पण एखादी वस्तूच आडवी आली तर स्क्रीनवर वेगळं लिहून येतं : 'बीम ब्लॉक्ड'. आमच्याकडे तेच येत होतं. नाक बंद असेपर्यंत एका ऑपरेटरला हातात गॅस मीटर देऊन उन्हात पंपांपाशी उभं करावं लागतं. त्यामुळे सगळे ऑपरेटर माझ्यावर दात धरून होते.

पंचाईत अशी की हा फॉल्ट लहरी होता. आला तर दुपारीच यायचा. काही दिवस रोज छळायचा, मग एकदम गायब. माझा टेक्निशियन शाजी, केरळचा. त्याने लेन्स पुसली, फॉल्ट गेला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. फॉल्ट परत आला. मग मी केबल बदलली, पुन्हा गेला. या वेळी पाठ माझी थोपटली गेली. आणि आता हा परत हजर.

"सरजी, इसमें भूत है," शाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, कशालाही हात लावायचा नाही. नुसतं बघत बसायचं. केनियासाठी घेतलेली दुर्बीण गाडीतच होती. गेटवर सिक्युरिटीवाल्याने ती अडवली.

"याचं परमिट? काम काय?"

"बघणं."

"काय बघणं?"

"तेच माहीत नाही."

शेवटी अबू नासिरांनी फोन केला, तेव्हा आत सोडलं.

शाजी आणि मी सावलीतल्या प्लॅटफॉर्मवर बसलो. सकाळभर एक घार, चार कावळे आणि कुंपणाजवळून ऐटीत गेलेलं एक मांजर. सफारी यथातथाच चालली होती. मग एक पिवळाजर्द पक्षी चोचीत खजुराच्या पानाची लांब चिरफळी घेऊन आला आणि केबल ट्रेखाली गेला. मी दुर्बीण वळवली. तिथे एक जुनी केबल लोंबत होती आणि तिच्या टोकाला घरटं विणलं जात होतं. आपल्या सुगरणीचा हा लाल समुद्राकाठचा भाऊबंद.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला. घरटं झुलत झुलत बीममध्ये आलं. लगेच रेडिओ ओरडला, "बीम ब्लॉक्ड!"

शाजी आनंदाने उडालाच. मी अबू नासिरांना बोलावलं.

"तोडा," ते म्हणाले.

"एक मिनिट, आधी हे बघा." मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. घरटं बांधतो नर. मादी येते, आत जाऊन तपासते. पसंत पडलं नाही तर निघून जाते, आणि मग नर स्वतःच ते मोडून नवीन बांधायला घेतो. आमचा फॉल्ट येत-जात होता तो यामुळे. लेन्स आणि केबल यांचा काही संबंधच नव्हता.

अबू नासिर दुर्बीण परत देईनात. तेवढ्यात मादी आली. आत शिरली. बाहेर आली. नर उलटा लटकून पंख फडफडवत होता. मॅनेजरसाहेब श्वास रोखून उभे. मादी उडून गेली आणि चोचीत मऊ पीस घेऊन परतली. पुन्हा आत.

"घेतलं तिने!" अबू नासिर ओरडले. "अर्धी नोकरी मी प्रोजेक्टवर काढली. क्लायंटने ताबा घेतल्यावर बांधकाम पाडत नाहीत. यल्ला, चल, तुझे डबे हलव."

"मंजुरी लागेल. कारण काय लिहू?"

"थर्ड पार्टी कन्स्ट्रक्शन."

त्यांनी सही केली. आम्ही दोन्ही डबे वेगळ्या ब्रॅकेटवर बाजूला सरकवले, समोरासमोर जुळवले, टेस्ट गॅस सोडून तपासले. अंधार पडायच्या आत काम झालं. घरी मुलीला सगळं सांगितलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, दॅट्स चीटिंग! आमच्याशिवाय सफारी?"

दुसऱ्या दिवशी बायको, मुलगी आणि मी विमानात बसलो. रजेत शाजीचे फोटो येत राहिले : आधी घरट्याचे, मग पिल्लांचे, आणि एका फोटोत, मी निघण्याआधीच माझी दुर्बीण मागून घेतलेले अबू नासिर. अलार्म परत आला नाही.

तरुण इंजिनियरांना मी एवढंच सांगतो : आपण काही केल्यावर फॉल्ट गेला, म्हणजे आपण केल्यामुळे गेला, असं नसतं.