पाय धरा रे

चिनू, ईरा,

तुमचा तो बेसबॉलचा वयस्क खेळाडू खांद्याच्या दुखापतीतून परतेल का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मला बेसबॉल कळत नाही. पण काल संध्याकाळी जे पाहिलं, ते विसरण्याआधी लिहिते.

आमच्या घरामागच्या मैदानावर दत्ताराम गुडघ्याच्या ऑपरेशननंतर प्रथमच कबड्डीच्या सरावाला उतरला. गावच्या संघाचा हा जुना चढाईपटू. त्याला संघात ठेवायचं की नाही, हे कालच ठरणार होतं. एकेकाळी त्याला खांद्यावर घेऊन नाचलेलेच कुंपणाशी उभे राहून म्हणत होते, "दत्तूशेठ, आता शिट्टी घ्या, पंच व्हा!" "जपून हो, गुडघ्यातलं लोखंड गंजेल!"

त्याने माती कपाळाला लावली, चढाई केली आणि एकाला शिवून सहज परतला. टाळ्या पडल्या. तो मात्र वळून ओरडला, "पाय धरा रे! मी काय देव्हाऱ्यातला आहे?"

खरंच, समोरच्यांनी त्याला धरलंच नव्हतं. टोमणे माणूस पचवतो. भोवतालचे जपून वागू लागले, की मात्र त्याला आपलं संपणं कळतं.

पुढच्या चढाईत त्यांनी धरलं. गुडघा वळला, तो कोसळला, चौघे अंगावर पडले. मधली रेषा हातभर दूर राहिली. आणि त्या ढिगाखालून "कबड्डी, कबड्डी" ऐकू येत राहिलं.

तो पुन्हा संघात खेळेल असं मला वाटत नाही. दम मात्र अजून तुटलेला नाही.