तुझ्या खोलीत पोती ठिवू काय?

नऊ वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या स्टँडवर मी मुंबईच्या गाडीत बसले, तेव्हा माझे वडील, आबा, खिडकीखाली उभे होते. मुंबईहून पुढे विमान, आणि विमानाच्या पलीकडे नेदरलँड्स. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत आबा संघाच्या दुधाच्या दराबद्दल बोलले, गाभण म्हशीबद्दल बोलले, माझ्या बॅगेच्या तकलादू चेनबद्दल बोलले. मी जाते आहे याबद्दल एक अक्षर नाही. गाडी सुरू झाली तशी मात्र ते पळत पुढे गेले आणि ड्रायव्हरला ओरडून म्हणाले, "पावणं, बेतानं चालवा! नाजूक सामान हाय गाडीत!" ड्रायव्हर भला माणूस. तो खाली उतरला, डिकी उघडली आणि विचारू लागला, "कुठली बॅग वो?" आबा गडबडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, चालू द्या," आणि उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत उभे राहिले. मी खिडकीत हसत होते आणि रडतही होते.

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या सगळ्यांना हे सांगायचं आहे. कोल्हापूरचा माणूस जे असेल ते तोंडावर बोलतो, अशी आपली ख्याती. आपणही ती मिरवतो. पण ती अर्धीच खरी आहे. भांडण आपण तोंडावर करतो, शिवी तोंडावर देतो, भाजीत मीठ जास्त झालं तर पाहुण्यांदेखत सांगतो. माया करायची वेळ आली, की आपली जीभ टाळ्याला चिकटते. मग म्हैस, दूध, बॅगेची चेन असलं काहीतरी मध्ये आणावं लागतं.

हे मला शाळेत कळायला हवं होतं. आमचे मराठीचे सर गडहिंग्लजचे. अभिधा आणि व्यंजना शिकवताना त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'आभाळ भरून आलंय.' मग म्हणाले, "हेचा अर्थ समद्यास्नी कळला. पण खळ्यावर भात पडलंय आन् तुझी आई ह्ये म्हनली, तर तू काय करशील?" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, "ताडपत्री!" सर म्हणाले, "झालं. हीच व्यंजना." मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण पडले होते, म्हणून अधिक लाज वाटते.

नेदरलँड्समध्ये मी दूध काढायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागले. राधानगरीकडच्या गोठ्यातली पोरगी, इंजिनियरिंग करून, सात समुद्र ओलांडून पुन्हा गोठ्यातच पोचली म्हणा ना. काम असं, की यंत्रासोबत जाणारी माहितीपुस्तिका लिहायची. नियम एकच: एका वाक्याचा एकच अर्थ. शेतकरी कितीही घाईत असो, दमलेला असो, 'झडप बंद करा' वाचून त्यानं झडपच बंद केली पाहिजे. पहिल्याच महिन्यात माझी साहेबीण, यानेके, मला विचारायला आली, शुक्रवारपर्यंत पुस्तिका होईल का? होणार नव्हती. मी आपल्या पद्धतीनं म्हटलं, "बघते, प्रयत्न करते." आपल्याकडे कुणी असं म्हटलं की समोरचा समजून दुसऱ्याकडे जातो. यानेके शुक्रवारी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "दाखव." काही नव्हतंच दाखवायला. ती रागावली नाही, नुसतं म्हणाली, "नाही असेल तर नाही म्हण. मला वाईट वाटत नाही."

मी शिकले. आणि खरं सांगते, मला ते आवडलं. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही. कुणाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत अर्धा दिवस घालवायचा नाही. माझ्या पुस्तिका आता चार देशांत जातात आणि माझं वाक्य न कळल्याची तक्रार अजून आलेली नाही. या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि तो असावा.

मागच्या जूनमध्ये जेवणाच्या सुट्टीत आबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग ते म्हणाले, "यंदा पेंडीची पोती जादा आणल्यात. तुझ्या खोलीत ठिवू काय?" माझ्या एका हातात सँडविच, समोर मीटिंगची वेळ. मी म्हटलं, "ठेवा की, आबा. रिकामीच आहे." "बरं," म्हणाले आणि ठेवून दिला. मला वाटलं, गोठ्यात काही काम निघालं असेल.

त्यानंतर दोन महिने आबा फोनवर आले नाहीत. विचारलं की आई म्हणायची, "गोठ्यात हाईत." सकाळी गोठ्यात, दुपारी गोठ्यात. शेवटी मीच चिडून म्हटलं, "एवढं काय काम आहे त्या गोठ्यात?" तशी आई भडकली. "पोती ठिवायला जागा न्हाय व्हय आमच्या घरात? माडी मोकळी हाय! तू माघारी येनार हाईस का न्हाईस, ते इचारलं त्येनी. आन् तू ठेवा की म्हनलीस!"

मी तिकीट काढलं.

ऑगस्टात घरी पोचले, तर आबा दारातच होते. मला बघून आत ओरडले, "अगं, पावणी आली. पानी दे." घरात नेहमी मला 'टवळे' म्हणून हाक मारणारा बाप. माझ्या खोलीत खिडकीच्या गजांपर्यंत पोती रचलेली. मला मधल्या घरात बिछाना घातला, नवी चादर, पाहुण्यांची. जेवताना पहिलं ताट मला. दुसऱ्या दिवशी सकाळी धारेला बसायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कापडं घान हुतील." शब्दांत काही वावगं नव्हतं. पण चिमटा बसायचा तिथे बसत होता. मी घरची राहिले आहे की नाही, हेच त्यांनी पोत्यांच्या त्या एका वाक्यात विचारलं होतं, आणि निकाल मीच दिला होता.

आडून बोलणं आता मला जमणार नव्हतं. जमवायचंही नव्हतं. म्हशीच्या पलीकडे उभी राहून मी आबांना सांगितलं, "आबा, मी कायमची माघारी येनार न्हाय. माझं काम तिथं हाय, मला ते आवडतंय. पण ही खोली माझी हाय आन् मला ती पायजे. मी पावणी न्हाय." आमच्या घरात इतकं सरळ आजवर कुणी कुणाशी बोललं नसेल.

आबांनी मान वर केली नाही. धार चालूच ठेवली. बादली भरत आली तेव्हा म्हणाले, "म्हशीजवळ वरडू नको. बिचकली की दूध चोरती ती, सोडत न्हाय."

मी आत येऊन बसले. यानेके असती तर म्हणाली असती, उत्तर मिळालं नाही, पुन्हा विचार. पण मला ठाऊक होतं, आता विचारायचं नाही. जिथे विचारायचं कधी आणि थांबायचं कधी हे मला न शिकवता कळतं, ते घर. भाड्याचं माझं तिकडचं घरही मला प्रिय आहे, पण तिथे हे कळण्याची गरजच पडत नाही.

नाष्ट्याआधी माझ्या खोलीतून घसपटण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर आबा एकटेच पोतं ओढत होते, गुडघे दुखत असताना. मला बघून म्हणाले, "हितं ओल लागती पोत्यास्नी. माडीवर न्यावी म्हनतो."

आमच्या घरात भर पावसातही जिची भिंत कोरडी राहते, अशी ती एकच खोली आहे.

"व्हय आबा, लई ओल हाय," मी म्हटलं, आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"बेतानं उचल, टवळे," आबा म्हणाले.